एकच मैदान, दोन रात्री

२८ मे २०१८. रमजानचा महिना चालू होता. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात पोर्तुगाल आणि ट्युनिशिया यांच्यात विश्वचषकाआधीचा सराव सामना रंगला होता. ट्युनिशिया १-२ ने मागे होती. ५८ व्या मिनिटाला ट्युनिशियाचा गोलकीपर मुएझ हसन अचानक मैदानावर आडवा झाला. पंचांनी खेळ थांबवला, वैद्यकीय मदतनीस धावत आले. नेमक्या त्याच वेळी सूर्य मावळला होता. ट्युनिशियाचे खेळाडू धावत मैदानाच्या कडेला गेले, खजूर तोंडात टाकले, पाण्याचे घोट घेतले आणि परत आले. हसनही उठून उभा राहिला. सहा मिनिटांनी ट्युनिशियाने बरोबरीचा गोल केला. चार दिवसांनी, १ जूनला, तुर्कस्तानविरुद्धही हसन मगरिबच्याच वेळेला असाच आडवा झाला. दोन्ही सामने २-२ असे सुटले आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी हसत हसत छापली.

यातली गंमत बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतो. हे काम गोलकीपरनेच का केलं? त्याचं उत्तर फुटबॉलच्या नियमांत आहे. मैदानावर दुसऱ्या कुणाला दुखापत झाली आणि तिथेच उपचार करावे लागले, तर सहसा त्याला मैदानाबाहेर जावं लागतं आणि खेळ पुढे सुरू होतो. गोलकीपरला मात्र यातून सूट आहे. गोल मोकळा टाकून सामना चालवता येत नाही, म्हणून तो उठेपर्यंत सगळे थांबतात. अकरा जणांत एकालाच ही सवलत आहे आणि हसनने ती आपल्या रोजेदार सोबत्यांसाठी वापरली.

तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये असंच काहीसं घडलं, पण तिथे नाटक करावं लागलं नाही. २६ एप्रिल २०२१ ला लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना होता. लेस्टरचा वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा शेखू कुयाटे या दोघांचाही रोजा होता. दोन्ही कप्तान आणि पंच यांच्यात सामन्याआधीच बोलणं झालं होतं. सुमारे अर्ध्या तासाने चेंडू पॅलेसचा स्पॅनिश कीपर विसेंटे ग्वाइटा याच्याकडे गोलकिकसाठी आला. त्याने चेंडू खाली ठेवला आणि तो थांबून राहिला. तेवढ्या वेळात दोघांनी रोजा सोडला. सामन्यानंतर फोफानाने ग्वाइटाचे जाहीर आभार मानले. ग्वाइटा ना त्याच्या संघाचा होता, ना त्याच्या धर्माचा.

दोन्ही किश्शांमधून गोलकीपरची जागा नीट कळते. तो खेळात असतो आणि खेळापासून थोडा दूरही असतो. बाकीचे दहा जण पळतात तेव्हा हा उभा असतो. त्याचा सगळा धंदा वाट पाहण्याचा. मात्र सगळ्यांना थांबवण्याचा हक्क ज्या एकट्याला मिळतो, त्याच्या चुकीचा हिशेबही त्या एकट्याच्याच नावावर लिहिला जातो. पुढे खेळणाऱ्याने पाच संधी वाया घालवल्या आणि सहाव्यात गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. कीपरने पाच फटके अडवले आणि सहावा सुटला, तर घरी जाताना लोकांच्या तोंडी तो सहावाच असतो.

चांदवड, मनमाड, मालेगावच्या आपल्या पट्ट्यात पोरं फुटबॉल खेळायला जमली की गोलमध्ये कोण उभं राहतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दोन बाजूंना दोन विटा किंवा चपलांचे ढीग ठेवायचे, झाला गोल. संघ वाटून झाले की जो सगळ्यांत लहान, जो जाड, ज्याला पळता येत नाही किंवा जो उशिरा आला, त्याला कीपर करायचं. रमजानच्या रात्री तरावीहनंतर दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात, तिथेही हाच रिवाज. कुणाला हौसेने कीपर व्हायचं नसतं. आणि गोल झाला की ओरडा त्याच्याचवर पडतो.

अशा या जागेवर उभं राहून कुणी पोट भरायचं ठरवलं तर काय होतं? एका संघाला मैदानावर कीपर एकच लागतो. आघाडीला, मधल्या फळीला, बचावाला दहा जण लागतात आणि बदली खेळाडू म्हणून आणखी चारपाच जणांना शेवटची वीस मिनिटं मिळतात. दुसऱ्या क्रमांकाच्या कीपरला ती वीस मिनिटंही मिळत नाहीत. तो रोज पहिल्याइतकाच सराव करतो, तितक्याच वेळा जमिनीवर अंग टाकतो, तितकाच प्रवास करतो आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसतो. पहिला जखमी झाला किंवा त्याने मोठी चूक केली तरच याचा नंबर लागतो. म्हणजे दुसऱ्याच्या वाईट दिवसाची वाट पाहायची, आणि ती दिसू मात्र द्यायची नाही. यातून सुटायचा एकच मार्ग उरतो : गाठोडं बांधायचं आणि दुसऱ्या क्लबचं दार ठोठवायचं.

पूर्वी आपल्याकडे थंडीच्या तोंडावर पिंजारी यायचा. खांद्यावर कमान टाकून या गावातून त्या गावात फिरायचा. कल्हईवालाही तसाच. हातात कसब पक्कं, पण दुकान स्वतःचं नाही. जिथे भांडी निघतील तिथे भाता लावायचा, काम संपलं की पुढचं गाव. देशातल्या बहुतेक व्यावसायिक गोलकीपरांची कारकीर्द या कारागिरांसारखीच असते. एक-दोन वर्षांचा करार आणि दर हंगामाला नवी जर्सी.

हे नेहमीच असं नव्हतं. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर १९८० च्या दशकात भारताचे कप्तान होते, आणि त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग साळगावकर या एकाच क्लबमध्ये गेला. १९९७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या काळी कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे संघ असत. नोकरी पक्की असायची, खेळ संपल्यावर टेबल-खुर्ची मिळायची. पुढे ती व्यवस्था मोडत गेली. महाराष्ट्रापुरतं पाहिलं तरी यादी लांब आहे. महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये संघ बंद केला. पुणे एफसी गेला. भारत एफसी नावाचा पुण्यातलाच दुसरा संघ २०१५ मध्ये एकच आय-लीग हंगाम खेळला. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या गटात घसरला आणि मग दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटीचा गाशा २०१९ मध्ये गुंडाळला गेला. क्लब बंद होतो तेव्हा बातमी मालकाची होते. खेळाडू नवं घर शोधायला लागतो, आणि प्रत्येक घरात कीपरसाठी खोली एकच असते.

याच काळात घडलेला एक गोलकीपर म्हणजे गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमनी. जन्म ३ मे १९८९. भारतीय फुटबॉलच्या मोठ्या ताऱ्यांत त्याचं नाव घेतलं जात नाही. सुनील छेत्रीसारखे त्याचे फलक लागले नाहीत, सुब्रत पॉलसारखी त्याला टोपणनावंही मिळाली नाहीत. पण गोलकीपर नावाच्या माणसाच्या वाट्याला काय काय येतं हे समजून घ्यायचं असेल, तर त्याच्या आयुष्यातल्या दोन रात्री पुरेशा आहेत. दोन्ही मडगावच्या फातोर्डा इथल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरच्या. दोन्ही इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या अंतिम सामन्याच्या. मध्ये सव्वासहा वर्षांचं अंतर.

कट्टीमनी धेंपोमध्ये होता. धेंपो हा गोव्याचा मातब्बर क्लब. २००५ ते २०१२ या काळात तो पाच वेळा देशाचा विजेता झाला. अशा संघात जागा मिळणं ही मोठी गोष्ट, आणि ती जागा पुष्कळदा बाकावर असणं हीसुद्धा नेहमीचीच गोष्ट. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली आणि तो एफसी गोवामध्ये आला. प्रशिक्षक होते साक्षात झिको, ब्राझीलचे. पहिल्या हंगामात चेक प्रजासत्ताकाचा यान शेडा गोलमध्ये असायचा. त्या सुरुवातीच्या हंगामांत बऱ्याच संघांचा कल परदेशी कीपर घेण्याकडे होता. भारतीय कीपरने त्याच्याकडून शिकायचं आणि थांबायचं.

२०१५ च्या हंगामात एफसी गोवाने साखळीत पहिला क्रमांक पटकावला. अंतिम सामना घरच्या मैदानावर, २० डिसेंबरला. समोर चेन्नईयन, त्यांचे प्रशिक्षक इटलीचे मार्को मातेराझी. गोलमध्ये कट्टीमनी, वय २६. भरलेलं फातोर्डा आणि घरचाच पोरगा गोलमध्ये, याहून चांगलं काय हवं?

५४ व्या मिनिटाला चेन्नईयनला पेनल्टी मिळाली. तो फटका कट्टीमनीने अडवला. पण अडवलेला चेंडू परत मैदानात आला आणि ब्रुनो पेलिसारीने तो जाळ्यात मारला. गोलकीपरच्या धंद्याची सगळी खोच या एका क्षणात दिसते. काम चोख झालं, तरी फलकावर गोल लागलाच. चार मिनिटांनी हाओकिपने बरोबरी साधली. ८७ व्या मिनिटाला स्पेनच्या जोफ्रेने फ्री किकवर गोल केला. गोवा २-१ ने पुढे. आता तीन मिनिटं आणि वर पंच देतील तेवढी भरपाईची वेळ काढायची. स्टँडमध्ये नाचगाणं सुरू झालं.

९० व्या मिनिटाला गोवाच्या गोलसमोर गर्दी झाली आणि चेंडू कट्टीमनीकडूनच स्वतःच्या जाळ्यात गेला. फलकावर त्याच्या नावापुढे स्वयंगोल लागला. २-२. गोवाचे खेळाडू सावरायच्या आत, भरपाईच्या वेळेत, मेंडोझाने तिसरा गोल केला. चेन्नईयन ३-२ ने विजेते. तीन मिनिटांपूर्वी नाचणारं मैदान गप्प झालं.

फुटबॉलमध्ये स्वयंगोल सगळ्यांच्याच हातून होतात. पण अंतिम सामन्यात, स्वतःच्या गावात, शेवटच्या मिनिटाला आणि तोही कीपरच्या नावावर! असा शिक्का सहज पुसत नाही. दुसऱ्या दिवशी दुधाला गेलात तरी कुणीतरी विचारणारच.

हा शिक्का किती खोल जातो, ते मोआसिर बार्बोझाच्या गोष्टीतून कळतं. १६ जुलै १९५०. रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझील आणि उरुग्वे यांचा विश्वचषकाचा निर्णायक सामना. ब्राझीलला बरोबरीही पुरणार होती. १-१ असताना ७९ व्या मिनिटाला उरुग्वेचा घिजिया उजवीकडून आत आला. तो चेंडू मध्ये टाकणार असं वाटून बार्बोझा किंचित पुढे सरकला, आणि घिजियाने जवळच्या खांबाच्या आतून चेंडू मारला. ब्राझील हरलं. बार्बोझा त्या वेळी जगातल्या उत्तम गोलकीपरांत गणला जात होता. त्यानंतरही तो कितीतरी वर्षं वेगवेगळ्या क्लबांकडून खेळत राहिला. पण लोकांनी ती एकच गोष्ट लक्षात ठेवली. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र त्याहून जास्त भोगली, अशा अर्थाचं तो म्हातारपणी बोलून गेला. एप्रिल २००० मध्ये तो वारला. त्याला दुसरा अंतिम सामना कधीच मिळाला नाही.

कट्टीमनीलाही तो मिळेल असं २०१९ पर्यंत वाटत नव्हतं. तो एफसी गोवामध्येच राहिला, पण काळ सरकत होता. भोवतालचं गोव्याचं फुटबॉलही बदलत होतं. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही जुन्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. म्हणजे गोव्यातल्या खेळाडूला आजवर ज्या चारपाच दारांवर जाता येत होतं, त्यांतली बरीचशी बंद झाली. एफसी गोवामध्ये २०१८ च्या जानेवारीत नवीन कुमार आला. त्याच वर्षी पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी गोलमध्ये उभं केलं ते मोहम्मद नवाझला. मणिपूरचा हा मुलगा तेव्हा अवघ्या १८ वर्षांचा होता. नवाझला संधी मिळाली याचा आनंद वाटतोच, पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. १८ वर्षांचा पोरगा गोलमध्ये उभा राहतो तेव्हा २९ वर्षांचा कीपर बाकावर जाऊन बसतो. २०१९ च्या मार्चमध्ये एफसी गोवा मुंबईत पुन्हा अंतिम सामना खेळला आणि जादा वेळेत बेंगळुरूकडून ०-१ ने हरला. त्या रात्री गोवाच्या गोलमध्ये नवीन कुमार होता.

त्या उन्हाळ्यानंतर कट्टीमनीने गाठोडं बांधलं. एफसी पुणे सिटीच्या जागी हैदराबाद एफसी हा नवा संघ लीगमध्ये आला होता. पुण्याचं घर मोडलं, त्याच्या जागेवर हैदराबादचं उभं राहिलं, आणि त्या घरात गोव्याच्या या कीपरला खोली मिळाली. खोली मिळाली, पण घर गळकं निघालं. २०१९-२० च्या पहिल्या हंगामात हैदराबादने १८ सामन्यांत फक्त दोन जिंकले आणि तळाला राहिलं. अशा संघात कीपरला कामाची कमतरता नसते. दर सामन्यात डझनभर फटके अंगावर येतात. पण तळाच्या संघाच्या कीपरने किती अडवले हे मोजायला कुणी बसत नाही.

मग कोरोना आला. २०२०-२१ आणि २०२१-२२ चे दोन्ही हंगाम सगळ्याच संघांनी गोव्यात, बंदिस्त व्यवस्थेत काढले. हॉटेल ते मैदान, मैदान ते हॉटेल. कट्टीमनीसाठी यात एक वेगळंच दुखणं होतं. गोवा त्याचं घर, पण घरी जायची परवानगी नाही. रिकाम्या स्टँडसमोर खेळायचं, आपल्याच गावात परक्यासारखं राहायचं. त्या काळात आपण सगळ्यांनीच रमजानचे इफ्तार आणि ईदची नमाज घराच्या चार भिंतींत केली आहे. जवळ असून लांब राहणं काय असतं, ते सांगायला नको. नवे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली हैदराबाद सावरलं. २०२०-२१ मध्ये ते पाचवे आले आणि थोडक्यात बाद फेरीला मुकले. संघात सुब्रत पॉलसारखा नावाजलेला कीपर असतानाही पुढे गोलमधली जागा कट्टीमनीकडे आली.

त्या वर्षीचा अंतिम सामनाही फातोर्डालाच झाला, १३ मार्च २०२१ ला, आणि तिथेही एका फिरत्या कीपरच्या नशिबी तेच आलं. एटीके मोहन बागानच्या अरिंदम भट्टाचार्यने हंगामभर सुरेख काम केलं होतं. हंगामातल्या सर्वोत्तम कीपरचा पुरस्कार त्यालाच मिळाला. हा गडी पुण्यात भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी, मग मुंबई सिटी, असा आपल्या महाराष्ट्रातूनही फिरून गेलेला. १-१ असताना ९० व्या मिनिटाला तो चेंडू घ्यायला गोल सोडून पुढे आला, चेंडू हातून निसटला आणि मुंबई सिटीच्या बिपिन सिंगने गोल केला. मुंबई २-१ ने विजेती झाली. हंगामातला सर्वोत्तम आणि त्या रात्रीचा दोषी, दोन्ही एकच माणूस. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या संघात होता.

आणि मग आला २० मार्च २०२२. पुन्हा फातोर्डा. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. दोन वर्षांनी प्रेक्षकांना मैदानात येऊ दिलं होतं. केरळहून इतके लोक आले की स्टँड पिवळेच पिवळे दिसत होते. हैदराबादच्या गोलमध्ये ३२ वर्षांचा कट्टीमनी. सहा वर्षांपूर्वी इथे घरचे लोक त्याच्या बाजूने होते. आता बहुतेक मैदान विरुद्ध बाजूने ओरडत होतं.

६८ व्या मिनिटाला केरळच्या राहुल के. पी. ने लांबून जोरदार फटका मारला आणि चेंडू आत गेला. ०-१. घड्याळ पुढे सरकत होतं. ८८ व्या मिनिटाला बदली म्हणून उतरलेल्या साहिल ताव्होराने हवेतला चेंडू तसाच फटकावून बरोबरी साधली. हा ताव्होराही गोव्याचाच. जादा वेळेत काही घडलं नाही. निर्णय पेनल्टींवर आला.

पेनल्टी म्हणजे काय, हे आकड्यांत पाहायला हवं. चेंडू गोलपासून ११ मीटरवर असतो. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. ताशी शंभर किलोमीटर वेगाने चेंडू मारला तर तो साधारण ०.४ सेकंदात गोलरेषेवर पोचतो. माणसाचे डोळे पाहतात, मेंदू ठरवतो आणि अंग हलतं, एवढ्यालाच तितका वेळ लागतो. म्हणून कीपरला मारणाऱ्याचा खांदा, कंबर, टेकवलेला पाय बघून आधीच अंदाज बांधावा लागतो. त्यातही नियम असा, की चेंडू मारला जाईपर्यंत त्याच्या एका पायाचा थोडा तरी भाग गोलरेषेवर हवा. पाय लवकर सुटला तर अडवलेली पेनल्टी रद्द होते आणि समोरच्याला पुन्हा संधी मिळते.

केरळकडून पहिला आला मार्को लेस्कोविच. कट्टीमनीने अडवला. हैदराबादच्या जोआओ व्हिक्टरने गोल केला. केरळचा दुसरा निशू कुमार. कट्टीमनीने तोही अडवला. पण पंचांनी हात वर केला. पाय रेषेवर नव्हता, पुन्हा मारा. अशा वेळी कीपरच्या मनाची काय अवस्था होत असेल! मेहनतीने कमावलेलं एका शिट्टीत गेलं. निशू पुन्हा आला, पुन्हा मारला, आणि कट्टीमनीने पुन्हा अडवला. हैदराबादच्या सिव्हेरिओने चेंडू गोलवरून मारला, म्हणजे मिळालेली आघाडी पक्की करायची संधी गेली. केरळच्या आयुष अधिकारीने गोल केला, हैदराबादच्या खासा कमारानेही केला. मग केरळचा जीक्सन सिंग आला. तोही कट्टीमनीने अडवला. शेवटी हालीचरण नार्झारीने चेंडू जाळ्यात टाकला आणि हैदराबाद ३-१ ने जिंकलं. मोजणीत आलेल्या चार फटक्यांपैकी तीन कट्टीमनीने अडवले. रद्द झालेला धरला तर चार.

जो संघ दोन वर्षांपूर्वी तळाला होता तो विजेता ठरला होता. आणि ज्या मैदानावर २०१५ मध्ये ९० व्या मिनिटाला एका कीपरच्या नावापुढे स्वयंगोल लागला होता, त्याच मैदानावर त्याच कीपरने करंडक जिंकून दिला होता.

ही गोष्ट इथे थांबवली तर सिनेमासारखी गोड होईल. पण फिरत्या कारागिराची गोष्ट करंडकावर संपत नसते. पुढच्या हंगामात हैदराबादच्या गोलमध्ये तरुण गुरमीत सिंगला जास्त संधी मिळू लागली. विजेत्या रात्रीचा पुरावा दाखवून जागा राखता येत नाही. नंतर क्लबच आर्थिक अडचणीत सापडला. २०२३-२४ मध्ये खेळाडूंचे पगार थकले, बरेच जण सोडून गेले आणि दोन हंगामांपूर्वीचा विजेता संघ पुन्हा तळाला गेला. २०२४ मध्ये कट्टीमनी एफसी गोवामध्ये परतला, पस्तिशीत. तिथे पहिल्या पसंतीसाठी त्याच्याशी स्पर्धा होती ती ऋतिक तिवारी या त्याच्याहून कितीतरी लहान पोराची. २०१८ मध्ये जे चित्र होतं तेच पुन्हा. फक्त आता बाकावर बसणाऱ्याच्या गाठीला फातोर्डाच्या दोन्ही रात्री होत्या.

मग दोन रात्रींपैकी खरा कट्टीमनी कोणता? मला वाटतं, हा प्रश्न विचारण्यातच आपली चूक होते. २०१५ च्या रात्रीही त्याने पेनल्टी अडवली होती. २०२२ च्या रात्रीही त्याने गोल खाल्ला होता, आणि त्याचा पाय रेषेवरून सुटलाही होता. कसब दोन्ही रात्री तेच होतं. फरक पडला तो आजूबाजूच्या माणसांमुळे. एका रात्री अडवलेल्या चेंडूवर समोरचा आधी पोचला, आणि बरोबरीनंतर कुणी त्याला सावरू शकलं नाही. दुसऱ्या रात्री ताव्होराने ८८ व्या मिनिटाला त्याच्या अंगावरचा गोल उतरवला, म्हणून पेनल्टीपर्यंत वेळ आली. कीपर एकटा दिसतो, पण त्याचं नाव राखायचं की बुडवायचं हे पुष्कळदा त्याच्या पुढचे दहा जण ठरवतात. आणि अर्थात तो मालक, तो प्रशिक्षक, जो शिक्का मारलेल्या माणसाला तिशीत पुन्हा करार देतो. बार्बोझा आणि कट्टीमनी यांच्यात गुणांचा फरक किती होता, हे कुणी मोजायला जाऊ नये. बार्बोझाला दुसरी रात्र कुणी दिली नाही. कट्टीमनीला ती मिळाली.

सब्र हा शब्द या महिन्यात आपण पुष्कळ ऐकतो. त्याचा अर्थ बऱ्याचदा गप्प बसून सोसणं एवढाच घेतला जातो. गोलकीपर सोसतो, पण बसून नाही. बाकावरच्या हंगामातही तो रोज सकाळी उठून त्याच मातीत अंग टाकत असतो, म्हणून २० मार्च उजाडतो तेव्हा त्याचे हात तयार असतात. त्या सव्वासहा वर्षांत कट्टीमनीने सरावाला किती उड्या मारल्या असतील, याची नोंद कुठल्याच फलकावर नाही.

आपल्या गल्लीतल्या, मैदानातल्या पोरांकडे येऊ. चांदवडमधून एखादा व्यावसायिक गोलकीपर निघेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. आजच्या घडीला देशातल्या मोठ्या क्लबांचंच खरं नाही. २०२५ मध्ये खुद्द आयएसएल वेळेवर सुरू होऊ शकली नाही. पण रात्रीच्या सामन्यात ज्याला कुणी घेतलं नाही म्हणून गोलमध्ये उभं केलंय, तो पोरगा तर रोजच तिथे असतो. त्याला कुणी हातमोजे दिलेले नसतात. चेंडू कसा छातीशी धरायचा, पडताना कोपर कसं सांभाळायचं, पाय रेषेवर का ठेवायचा, हेही कुणी शिकवलेलं नसतं. गोल झाला की मात्र शिव्या द्यायला सगळे तयार. मोठ्यांपैकी कुणीतरी दहा मिनिटं काढून त्याला एवढं दाखवलं, आणि गोल खाल्ल्यावर ‘चल, पुढचा अडव’ म्हणून पाठीवर हात ठेवला, तर त्याला पैसे पडत नाहीत.

आणि मगरिबच्या आधी सामना लांबला, पोरं घामाघूम होऊन आभाळाकडे बघायला लागली, तर चेंडू त्या कीपरच्याच हातात द्यावा. कधी थांबायचं, ते तो बरोबर सांगेल.